कुलवृत्तांत की कुलस्तोत्र?

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसास चाळिशी जवळ आली म्हणजे दोन इच्छा अनावर होतात. गावाकडे एखादे लहानसे घर असावे ही पहिली, आणि आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून निघावा ही दुसरी. पहिली इच्छा बहुतेकांच्या बाबतीत निवृत्तीपर्यंत, व कित्येकदा त्यानंतरही, मनातच राहते. दुसरी मात्र अलीकडे फार सुलभ झाली आहे. चार उत्साही गृहस्थांनी एकत्र यावे, कुलमंडळ स्थापावे, छापील प्रश्नपत्रके दिल्ली, भोपाळ, हैदराबाद, कोलकाता येथील कुलबंधूंकडे रवाना करावीत आणि वर्ष-दोन वर्षांत सोनेरी अक्षरांचे, जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक घरोघर पोचते करावे, असा हा क्रम आहे. या उद्योगाविषयी आम्हांस अनादर नाही. अशा एका प्रश्नपत्रकाचे सर्व रकाने आम्ही स्वतः भरून पाठविलेले आहेत. परंतु या पुस्तकांतून आज जो मजकूर छापला जात आहे तो पाहता, यास वृत्तांत म्हणावे की स्तोत्र, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे; आणि तो बाहेरच्या कोणी विचारण्यापूर्वी आम्हीच विचारलेला बरा.

अशी पाच-सहा पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचावीत. प्रत्येकात निदान एक पूर्वज १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर धारातीर्थी पडलेला असतो. प्रत्येकात एकास पेशव्यांकडून इनाम मिळालेले असते. ती सनद 'अलीकडेपर्यंत घरात होती', मात्र वाळवीने नेमकी तीच खाल्लेली असते. झाडून सारे पूर्वज धर्मनिष्ठ, मनमिळाऊ व परोपकारी असतात. कोणी कर्जबाजारी झाला नाही, कोणी घर सोडून गेला नाही, कोणी भावाचा वाटा बुडविला नाही. इतक्या सज्जनांच्या घराण्यांतून भाऊबंदकीचे दावे मग लढविले तरी कोणी, हे एक कोडेच आहे. या गौरवाचे आम्हांस फारसे वावडे नाही. आपल्या वाडवडिलांविषयी बरे बोलावेसे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. दोन नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, की त्यांतील अडचणीची नोंद गुपचूप बदलावयाची आणि वाचकास त्याचा पत्ता लागू द्यावयाचा नाही, ही जी रीत आमच्या समित्यांतून रूढ झाली आहे, तिच्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ही रीत प्रेमापोटी पाळली जाते, हे आम्ही जाणतो. तिने होणारे नुकसान त्यामुळे कमी होत नाही.

आमच्याच घरातील उदाहरण देतो. आमच्या खापरपणजोबांविषयी घरात एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली : १८९७ च्या प्लेगात ते पुण्यास वारले, आणि खापरपणजीने चार घरी पोळ्या लाटून एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा, वाढविला. इतपर्यंत सारे ठीक होते. पुढे कुणीतरी पणजोबांच्या शाळेचा दाखला काढला, व त्यावर जन्मतारीख निघाली १ जून १८९९. वडील १८९७ साली वारले, आणि मुलगा १८९९ साली जन्मला! या दोन आकड्यांच्या मध्ये जी दोन वर्षे उरतात त्यांत एका विधवेची अब्रू अडकलेली आहे, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. आमच्या आत्या आज ऐंशीच्या घरात आहेत. लग्नकार्यात बायका आपापसांत काय कुजबुजत आणि आपण जवळ गेलो की कशा गप्प होत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. घरात या विषयावर कधीही कोणी बोलले नाही.

कुलमंडळाच्या समितीने यावर काय करावे? पणजोबांचे जन्मवर्ष तिने १८९६ केले. हेतू चांगला होता. पुस्तकात काही विपरीत दिसू नये, वडीलधाऱ्यांना दुखवू नये, एवढाच. परंतु शाळेचा दाखला ज्यांनी पाहिला होता ते काही तो विसरले नाहीत. उलट, समितीनेच वर्ष बदलले, त्या अर्थी पाणी मुरत असलेच पाहिजे, असे त्यांनी मनाशी धरले. जी कुजबूज एरवी आमच्या आत्यांच्या पिढीबरोबर संपली असती, तिला छापील पुस्तकाने आणखी दोन पिढ्यांचे आयुष्य दिले.

आम्ही सरकारी कारकून आहोत. ज्या नोंदीखाली मूळ कागदाचा आधार नाही तिच्यावर सही करावयाची नाही, एवढे शिक्षण या नोकरीने आम्हांस दिले आहे. गेल्या वर्षी रजा प्रवास सवलत घेऊन गावाकडे गेलो असता आम्ही त्र्यंबकेश्वरास गेलो आणि आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण याचा शोध घेतला. यात्रेकरू आला म्हणजे त्याचे, त्याच्या वाडवडिलांचे, भावांचे व मुलांचे नाव, गाव आणि शक्य तर त्याची स्वतःची सही वहीत घ्यावयाची, ही या उपाध्यायांची जुनी चाल. वहीत खापरपणजोबांचे नाव सापडले आणि आम्ही हर्षभरित झालो. परंतु वडिलांचे नाव पाहतो तो ते निराळे! तो त्यांचा चुलतभाऊ निघाला. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या आपल्या प्रथेमुळे एकाच घराण्यात एकाच नावाची तीन-तीन माणसे एकाच काळी नांदत असतात, हे आम्हांस ठाऊक असूनही आम्ही क्षणभर फसलो. आणखी चार पाने उलटल्यावर खरी नोंद मिळाली. वडील, आजोबा, दोघे भाऊ, आई, पत्नी, मुलगी, गाव सर्व काही जुळले. मोडीत सही होती. मिती होती माघ वद्य, शके १८२०.

येथे आम्ही दुसरी चूक केली. शकात ७८ मिळवून १८९८ हे वर्ष आम्ही टिपून घेतले आणि तसेच समितीस कळविले. वस्तुतः शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मितीस बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८२० चा माघ म्हणजे १८९९ चा प्रारंभ. चूक ध्यानात येताच तीही आम्ही लेखी कळविली. सारांश, १८९७ साली वारलेला मनुष्य १८९९ च्या आरंभी त्र्यंबकास येऊन स्वहस्ते सही करून गेला होता. आणि त्या नोंदीत एका मुलीचे नाव आहे, मुलाचे नाही. मुलगा तोवर जन्मलाच नसावा. नोंदीत नाव नसणे हा एकटा पुरावा म्हणून लंगडा खरा, परंतु शाळेच्या दाखल्याशी त्याची सांगड बसते, आणि समितीने ठरविलेल्या १८९६ शी बसत नाही.

तिसरा कागद दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील १९०२ च्या एका गहाणखताची नक्कल. त्यात खापरपणजी 'मयताच्या अज्ञान मुलाची पालनकर्ती आई' म्हणून आली आहे. मुलाचे वय तीन वर्षे. सहीच्या जागी आंगठ्याची निशाणी, दस्तुर दस्तलेखकाचा. म्हणजे खापरपणजोबा १८९९ च्या आरंभानंतर व १९०२ च्या त्या दस्तापूर्वी केव्हातरी वारले. नेमके वर्ष आम्हांस सापडलेले नाही, आणि सापडेपर्यंत आम्ही ते लिहिणार नाही.

मग १८९७ कोठून आले? प्लेग पुण्यास १८९७ च्या आरंभी फैलावला. त्याच वर्षी २२ जून रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ते वर्ष साऱ्या महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरले गेले. परंतु साथ त्या वर्षी संपली नाही. पुढे कित्येक वर्षे ती पुनःपुन्हा येत राहिली. घराने रोग लक्षात ठेवला, आणि वर्ष इतिहासातून उसने घेतले, असे आमचे अनुमान आहे. परंपरा खोटे बोलली नाही. तिला फक्त तारीख ठाऊक नव्हती. एका थोर स्त्रीच्या नावाला लागलेला डाग हा अशा उसन्या तारखेचा होता. तो खोडरबराने निघण्यासारखा नव्हता. तो निघाला तो, दोन्ही नोंदी जशाच्या तशा ठेवून त्या का जुळत नाहीत याचा शोध केल्याने.

आत्यांना आम्ही हे सर्व दूरध्वनीवर सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आमच्या आईला कळायला हवं होतं रे." त्यांच्या आईला जाऊन पस्तीस वर्षे झाली.

समितीने आमच्या कागदांची पोच दिली. तथापि पाने जुळवून झाली असल्याने व सर्व सभासदांच्या भावनांचा विचार करता १८९६ हेच वर्ष ठेवण्यात येईल, असे चिटणीस महाशयांनी कळविले. ते वयाने व अधिकाराने आम्हांहून पुष्कळ मोठे आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु त्यांच्या बाजूने जे युक्तिवाद नेहमी केले जातात ते तपासल्याशिवाय सोडणे आम्हांस शक्य नाही.

पहिला युक्तिवाद आम्हां सरकारी नोकरांना फार पटतो : एकदा नोंद झाली ती झाली. सेवापुस्तकात लिहिलेली जन्मतारीख बदलून घ्यावयाची असल्यास केंद्र सरकारच्या नोकरास नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो व खरोखरीची चूक झाली होती हे सिद्ध करावे लागते. पुढे ते दार बंद. या नियमात शहाणपण आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी प्रत्येकाने नवा जन्मदाखला आणला तर राज्यकारभार चालावयाचा नाही. परंतु कचेरीस निर्णय हवा असतो आणि इतिहासास सत्य हवे असते. पहिल्याचा नियम दुसऱ्यास लावता येत नाही. आमच्या मागल्या पिढ्यांतील किती मराठी माणसांचा वाढदिवस १ जून आहे, हे कोणत्याही कचेरीतील सेवापुस्तके चाळून पाहावे. त्या दिवशी महाराष्ट्रात एवढी बाळे जन्मास आली नव्हती. जूनमध्ये शाळा उघडत, आणि वय विचारता बापाने बोटे मोजली म्हणजे मास्तर ती तारीख टाकीत. पणजोबांच्या दाखल्यावरील १ जूनही याच जातीचा. दाखल्यावरील दिवसावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. त्यातील वर्षावर विश्वास ठेवतो तोही अन्य दोन कागदांनी त्यास दुजोरा दिला म्हणून.

दुसरा युक्तिवाद असा की, समितीजवळ १८९७ सांगणारी पाच माणसे आहेत, तुमच्याजवळ तीन कागद. यात पाच हा आकडाच खोटा आहे. इंदूरच्या काकांनी जे सांगितले ते नागपूरच्या मामींनी ऐकले, त्यांच्याकडून ते प्रश्नपत्रकात उतरले, आणि त्यावरून दोघा भाच्यांनी आपापली प्रश्नपत्रके भरली. हे साक्षीदार पाच नव्हेत, एकच. एका पत्राच्या चार सत्यप्रती काढल्या म्हणून पत्रे चार होत नाहीत, हे कोणताही आवक-जावक कारकून सांगेल. उलट उपाध्यायांची वही, शाळेचा दाखला व गहाणखत ही तीन निरनिराळ्या हातांनी, तीन निरनिराळ्या कारणांसाठी लिहिली गेली. एकाने लिहिताना दुसऱ्याचे पाहिलेले नाही. असे स्वतंत्र कागद एकाच दिशेने बोट दाखवू लागले म्हणजेच त्यास पुरावा म्हणावे.

यात नवीन असे काही नाही. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादाने हा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच दिला आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष सर्वत्र मानले जात होते. एका बखरीतून ते दुसरीत व तेथून क्रमिक पुस्तकांत गेले होते. मोजू गेल्यास साक्षीदार पुष्कळ. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि तीत निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ने तीच तिथी सांगितली. जोधपूरकडे मिळालेल्या जन्मपत्रिकेनेही तिलाच पाठिंबा दिला. परमानंद महाराजांच्या काळातला. बखरकार शंभराहून अधिक वर्षांनंतरचे. वाद पुष्कळ वर्षे चालला, दोन्ही बाजूंनी विद्वान उभे राहिले, परंतु कोणीही दुसऱ्याची तिथी खोडून ती नव्हतीच असा बहाणा केला नाही. दोन्ही तिथी आधारांसह लोकांपुढे राहिल्या, म्हणूनच निर्णय होऊ शकला. आज शासन १९ फेब्रुवारी मानते. प्रत्यक्ष छत्रपतींच्या जन्मतिथीची अशी उलटतपासणी झाली, आणि त्याने त्यांच्या थोरवीस बाध आला नाही. आमच्या-तुमच्या पणजोबांची काय कथा?

तिसरा युक्तिवाद आम्हां परप्रांतीयांचा खास आहे : आम्ही इतक्या दूर, आम्हांस साधने कोठून मिळणार? त्याचे उत्तर वरच्याच उदाहरणात आहे. 'शिवभारता'ची पोथी मिळाली ती तंजावरास, आणि जन्मपत्रिका मिळाली ती जोधपुरास. मराठी घराण्यांचे कागद महाराष्ट्रात जेवढे आहेत तेवढेच बाहेर विखुरलेले आहेत. हरिद्वार, प्रयाग, काशी, गया येथील पंड्यांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या नोंदी आहेत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या संस्थानांची दप्तरे आहेत. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आहे. आपल्यापैकी कित्येकजण तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतात व दर रविवारी तेथून बाजारास जातात. दूर आहोत ही सबब आता पुरे झाली.

चौथा युक्तिवाद मृदू स्वरात केला जातो : हा प्रेमाचा उद्योग आहे, न्यायालयाचा दावा नव्हे. आम्ही विचारतो, दावा नव्हे हे कशावरून? जातपडताळणी समितीपुढे शपथेवर वंशावळ द्यावी लागते. २०२३ पासून महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदींचा शोध चालू आहे. त्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या व शाळांची जनरल रजिस्टरे यांतील मोडी वाचणाऱ्यांस गावोगाव मागणी आली. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु एका जुन्या ओळीवर नातवंडांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहू शकते, हे ज्या काळात सर्वांच्या डोळ्यांपुढे घडत आहे, त्या काळात वंशावळीतील वर्ष भावनेखातर बदलणे हा निरुपद्रवी लाड राहिलेला नाही. आज सौजन्याने बदललेले वर्ष उद्या कोणाच्या तरी खऱ्या कागदास खोटे पाडील.

आणि प्रेमाचीच गोष्ट काढावयाची तर आमच्या कुलवृत्तांतांतील स्त्रियांची नावे पाहावीत. पुरुषाच्या जन्ममृत्यूच्या तारखा, शिक्षण, हुद्दा यांस अर्धे पान. पत्नीस एक सासरचे नाव, आणि मुली 'अमक्यास दिली' एवढ्यात संपतात. माहेरचे नाव-गाव कित्येकदा नसतेच. ज्या खापरपणजीच्या अब्रूची समितीस एवढी काळजी, तिचे माहेरचे नाव त्याच पुस्तकात नाही. ते आम्हांस गहाणखताच्या साक्षीत मिळाले. साक्ष घालणारा तिचा भाऊ होता.

तेव्हा आमचे मागणे थोडे आणि स्पष्ट आहे. कुलवृत्तांतात प्रत्येक जन्ममृत्यूपुढे त्याचा आधार द्यावा : कोणता कागद, तो कोठे आहे, मूळ पाहिला की नक्कल, आणि कोणी केव्हा पाहिला. घरातील गोष्ट ही 'परंपरा' म्हणून द्यावी. तिला तारखेचे कपडे घालू नयेत. मूळ मिती शक, फसली किंवा शुहूर सनात असेल तर ती तशीच छापून शेजारी इसवी सन द्यावा, म्हणजे आमच्यासारख्याची चूक दुसऱ्यास धरता येईल. मोडी कागदाचे छायाचित्र द्यावे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही व एकाचे वाचन दुसऱ्यास पटतेच असे नाही. दोन नोंदी विरुद्ध असतील तर दोन्ही छापाव्यात, आपणांस कोणती ग्राह्य वाटते व का, हे चार ओळींत सांगावे, आणि निर्णय होत नसेल तर जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागेत पुढे कोणीतरी काही लिहू शकतो. खोट्या आकड्याच्या जागी कोणी काही शोधावयास जात नाही.

याने पुस्तक जाड होईल, सोनेरी अक्षरे थोडी कमी शोभतील, आणि काही कुलबंधू रुष्ट होतील. होवोत. आमच्या समितीस आम्ही पुन्हा लिहिले आहे. जुळवलेले पान बदलण्याचा खर्च आम्ही सोसू; तेही नको असेल तर शुद्धिपत्रात तीन ओळी घालाव्यात, असे कळविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते न आल्यास आम्ही त्या तीन ओळी स्वतः छापून घेऊ आणि पुस्तक ज्या ज्या घरी जाईल त्या त्या घरी पाठवू. पहिली प्रत आत्यांकडे जाईल.